अळंबी विष उचलंल, पण ती अळंबी कोण उचलणार?



मागच्या महिन्यात आष्टी तालुक्यातल्या आपल्या एका वस्तीवर बैठक झाली. वस्तीचं नाव इथं छापत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि लोकांवर दाब आहे. भिल्ल आणि पारधी मिळून पंधरा-वीस घरं आहेत. बापजाद्यापासून गायरानावर बाजरी, तूर, मटकी पेरतात. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या अन् शाळेतली दोन-चार लेकरं.

लोक ऊसतोडीला गेलेले असताना गायरानाच्या खालच्या कोपऱ्याला, ओढ्याच्या कडेला, कुणीतरी भट्टी टाकली. ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, घणानं फोडायच्या, आतलं तेजाब ओढ्यात सोडायचं आणि शिशाच्या पट्ट्या वितळवून लगडी पाडायच्या. काम सगळं रात्रीचं. म्हाताऱ्यांनी हटकलं तर शिव्या खाल्ल्या. दोन हंगाम असं चाललं. मग भट्टीवाला गाडी भरून निघून गेला. मागं राहिली काळी पडलेली माती, प्लास्टिकच्या खोक्यांचे तुकडे आणि करड्या रंगाची भुकटी. त्या कोपऱ्यात चरणाऱ्या शेळ्यांपैकी काही गोल गोल फिरून, दात खाऊन मेल्या. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं.

आता पुढची गोष्ट ऐका. यंदा लोक परत आले तेव्हा त्यांच्यापुढं अदलाबदलीची बोली आली. वरचं कसलेलं रान सोडा आणि त्याच्या बदल्यात खालचा कोपरा घ्या. वरचं रान कशाला पाहिजे ते कुणी सांगत नाही. लोक म्हणाले, खाली माती जळालेली आहे, तिथं कुसळ उगवंना. त्यावर बोली घेऊन आलेल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, "आता नवीन शास्त्र आलंय. तिथं अळंबी लावा. अळंबी मातीतला धातू ओढून घेते. दोन पावसाळ्यांत माती स्वच्छ. वर अळंबी विकून पैसे येतील ते वेगळेच."

बैठकीत सगळे गप्प बसले. खरं सांगायचं तर आमच्यातल्या शिकलेल्या पोरांना ते पटलं होतं. पेपरात असलं काहीतरी वाचल्याचं आठवत होतं. तेवढ्यात मागं बसलेली एक आजी म्हणाली, "बाबा, मातीतलं विष अळंबीत गेलं म्हणतो. मग ती अळंबी कुठं टाकायची? अन् तूच म्हणतो बाजारात विका. कुणाला चारायची ती?"

त्या माणसाला उत्तर देता आलं नाही. आम्हालाही आलं नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलेले. म्हणून मग विचारत फिरलो, वाचलं, शिकवणाऱ्या माणसांकडून समजून घेतलं. या अंकाचं संपादकीय त्या आजीच्या प्रश्नावर आहे. हा प्रश्न एका वस्तीचा नाही. जिथं जिथं खाण आहे, राखेचा ढीग आहे, कारखान्याचा कचरा आहे, तिथं उद्या हीच बोली येणार आहे: चांगली जमीन द्या, खराब घ्या, शास्त्र ती नीट करील.

तेल मरतं, धातू मरत नाही

अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीत असते, पांढऱ्या बारीक धाग्यांची. पावसाळ्यात वारुळापाशी किंवा कुजलेल्या खोडाखाली माती उकरली की ते जाळं दिसतं. त्याला कुणी भुईछत्री म्हणतं, विदर्भातले साथी सात्या आणि टेकोडे म्हणतात. जात वेगळी असली तरी काम तेच. हे धागे पाला, लाकूड, शेण कुजवतात आणि त्यातून आपलं खाणं काढतात.

अमेरिकेत पॉल स्टॅमेट्स नावाच्या माणसानं १९९८ च्या सुमारास डिझेल सांडून खराब झालेल्या मातीत धिंगरी अळंबीचं बियाणं मिसळून पाहिलं. काही आठवड्यांत त्या ढिगावर अळंबी फुटली आणि मातीतलं तेल पुष्कळ कमी झालं. ही गोष्ट खरी आहे आणि जगभर सांगितली जाते. पण तेल म्हणजे एकेकाळच्या जिवांचाच अंश. लाकूड कुजवणारी बुरशी तेलाचेही तुकडे करते, खाते आणि संपवते. तेल मरतं.

शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम हे धातू आहेत. त्यांचे तुकडे करून काही संपत नाही. विळा जाळला तर मूठ जळते, पातं राहतं. तसंच हे. बुरशी शिसं खाऊन पचवू शकत नाही. ती फार तर ते मातीतून आपल्या अंगात घेईल, नाहीतर धाग्यांना चिकटवून ठेवील. धातू मरत नाही, जागा बदलतो. शास्त्राची पुस्तकं चाळून आम्हाला जे कळलं ते एवढंच, आणि आजीला ते न वाचता कळलं होतं.

अळंबी धातू ओढते हे मात्र खोटं नाही. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या युक्रेनमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिच्यातून सीझियम नावाचा किरणोत्सारी धातू उडाला आणि वाऱ्यापावसाबरोबर लांबच्या देशांत पडला. तिथल्या रानअळंबीनं तो ओढून घेतला. जर्मनीच्या दक्षिण भागातल्या जंगलात डुकरं जमिनीखालची एक बुरशी उकरून खातात. त्या डुकरांचं मटण इतकी वर्षं झाली तरी तपासल्याशिवाय विकता येत नाही. उत्तरेला नॉर्वे-स्वीडनमध्ये सामी नावाचे आदिवासी आहेत, रेनडिअरचे कळप पाळणारे. रेनडिअर दगडफुलाच्या जातीचं शेवाळ खातो आणि पावसाळी दिवसांत अळंबी खातो. सामींना आपल्या जनावरांचं मटण टनावारी फेकून द्यावं लागलं. भट्टी दुसऱ्याची, वीज दुसऱ्याची, आणि ताटातलं विष आदिवासीच्या. आजीच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे: अळंबी कुठं टाकायची हे कुणी ठरवलं नाही, तर ती कुणाच्या तरी पोटात जाते.

हिशोब मांडून पाहू

आता ती "दोन पावसाळ्यांत माती स्वच्छ" ही बोली तपासू. आम्ही वहीवर हिशोब मांडला. शाळेतल्या पोरालाही जमंल.

एका एकरातली वरची एक वीत माती म्हणजे सुमारे १,००० टन. समजा, तिच्या एका किलोत १ ग्रॅम शिसं आहे. बॅटरी फोडलेल्या जागी एवढं सहज असू शकतं. म्हणजे एकरात १,००० किलो शिसं झालं.

आता अळंबी. ताज्या अळंबीत दहातले नऊ भाग पाणी असतं. एका एकरात एका वेळी १० क्विंटल ताजी अळंबी आली असं धरू. वाळवून ती १०० किलो भरंल. शिसं हे बहुतेक अळंब्या मातीतल्यापेक्षा कमीच उचलतात, पण आपण सढळ हातानं धरू की तिच्यात मातीएवढंच, किलोला १ ग्रॅम शिसं आलं. म्हणजे एका तोडणीत १०० ग्रॅम. १,००० किलो काढायला अशा १०,००० तोडण्या लागतील. वर्षाला चार तोडण्या घेतल्या तरी २,५०० वर्षं.

दोन पावसाळे कुठं अन् अडीच हजार वर्षं कुठं! हे आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण कुणीही उलटसुलट करून पाहावं, दोन वर्षांचा हिशोब बसत नाही. शिवाय निघालेली प्रत्येक पाटी विषारी. ती विकायची नाही, जाळायची नाही, शेणखतात टाकायची नाही. जाळली तर राखेत शिसं राहतं आणि धुरातूनही जातं.

मग शास्त्र खोटं आहे का

नाही. आपण शास्त्राच्या विरोधात नाही. अर्धं सांगून आपला अंगठा घेणाऱ्याच्या विरोधात आहोत. पूर्ण गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे, ती सांगतो.

नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगाव इथं मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या दगडमातीचे मोठे ढीग पडले होते. त्यावर काही उगवत नव्हतं. पावसाळ्यात ते वाहून शेतात जात आणि उन्हाळ्यात त्यांची धूळ उडे. नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथं एक रीत बसवली. ढिगावर खड्डे केले. त्यात साखर कारखान्याचा प्रेसमड टाकला, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळपट गाळ. झाडांच्या मुळाशी राहणारी बुरशी आणि नत्र देणारे जिवाणू रोपांना लावले. मग साग, शिसव अशी झाडं लावली. नुसती लावली असती तर ती वाळली असती. अशी लावल्यावर जगली, आणि उघडं बोडकं टेकाड हिरवं झालं. पुढं खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावरही शेणखत आणि बुरशी वापरून नीरीनं झाडं जगवली. त्याचा अहवाल २००८ साली छापून आला.

ऊसतोडीच्या लोकांनो, इथं जरा थांबा. आपण तोडतो तसल्याच उसाच्या गाळानं मेलेल्या मातीत जीव धरला. कारखान्याच्या मागं त्या गाळाचे ढीग आपण दरवर्षी बघतो.

पण तिथली बुरशी छत्रीवाली अळंबी नव्हे. ती डोळ्यांना दिसत नाही. ती मुळाच्या आत शिरते, लांबून पाणी आणि स्फुरद आणून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. धातू आला तर ती आपल्या धाग्यांत अडवून धरते, म्हणून तो पाल्यापर्यंत कमी पोचतो. म्हणजे त्या रीतीनं धातू काढून टाकला नाही. तो त्या ढिगातच आहे, मुळाशी बांधून ठेवलेला. धूळ थांबली, वाहून जाणं कमी झालं. हे मोठं काम आहे. लेकरांच्या अंगात शिसं मुख्य करून धुळीतून आणि मळक्या हातांतून जातं, त्यामुळं धूळ थांबवणं म्हणजे लेकरं वाचवणं.

तेव्हा दोन गोष्टी मनात पक्क्या धरा. एक, अशी जमीन झाडांनी झाकता येते आणि बुरशी त्याला मदत करते. दुसरी, हिरवी झाली म्हणजे ती स्वच्छ झाली असं नाही. तिथं साग उभा राहील, पण मेथी पेरता येणार नाही, शेळी चारता येणार नाही. कसायला दिलेली जमीन आणि झाकून ठेवायची जमीन या एक नाहीत. जी फक्त झाकून ठेवायची ती कसायच्या जमिनीच्या बदल्यात देणं ही फसवणूक आहे. त्या वस्तीला आम्ही हेच सांगितलं आहे आणि तुम्हालाही हेच सांगतो.

ज्यानं घाण केली त्यानं भरायचं

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचं पाणी काळं-तांबडं झालं, शेतं गेली. सुप्रीम कोर्टानं १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल दिला की घाण करणाऱ्यानंच माती-पाणी नीट करायचा सगळा खर्च द्यायचा. पण कंपनीनं अर्जावर अर्ज करून पैसे लांबवले. २०११ साली कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं की व्याजासकट भरा. पंधरा वर्षं गेली. बिछडी आपल्याला दोन्ही गोष्टी शिकवते. कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि नुसता कायदा पुरत नाही. मागं लागणारे लोक लागतात.

आपल्या हातात काय आहे ते पाहू.

बॅटऱ्यांसाठी केंद्राचे २००१ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२२ पासून नवे नियम आले आहेत. जुन्या बॅटऱ्या फक्त नोंदणी झालेल्या कारखान्याकडंच जायला पाहिजेत. ओढ्याकाठची भट्टी सरळ बेकायदा आहे. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं करायची.

१९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आपण मारहाण आणि शिवीगाळ झाली की आठवतो. त्याच कायद्यात लिहिलं आहे की दलित-आदिवासी ज्या झऱ्याचं, विहिरीचं, तळ्याचं पाणी वापरतात ते घाण करून वापरायला निकामी करणं हाही गुन्हा आहे. आपल्या जमिनीवरून बेकायदा हुसकणं हाही गुन्हा आहे. पारध्याच्या वस्तीत पोलीस चौकशीला लगेच येतात, तक्रार घ्यायला मात्र कागद नसतो. म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पाच-सात जणांनी मिळून जा.

गायरानाचं सांगतो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायची होती. किती तरी जणांची अजून झाली नाहीत. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला. तेव्हापासून नोटिसा येत आहेत आणि लोकांना भीती दाखवली जाते. पण त्याच निकालात सरकारी निर्णयानं भूमिहीनांना, दलित-आदिवासींना दिलेल्या जमिनीची बाब अपवाद म्हणून ठेवली आहे. हे भीती दाखवणारा सांगत नाही. अदलाबदलीचा खरा डाव इथंच आहे. वरच्या रानात तुमचा जुना ताबा आहे. एक-ई ची नोंद असेल, दंडाच्या पावत्या असतील, म्हाताऱ्यांचे जबाब असतील. खालच्या कोपऱ्यावर गेलात की ताबा नवा झाला, जुने सगळे पुरावे मातीमोल. वर माती विषारी ती वेगळीच.

वनजमीन कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. तो आष्टीलाही लागू आहे. पेसा कायदा बीड जिल्ह्याला लागू नाही, कारण आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. म्हणून काही बाबू सांगतात की तुमच्या ग्रामसभेला काही अधिकार नाही. ते खोटं आहे. वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात डोंगरिया कोंध आदिवासींना बॉक्साइटची खाण पाहिजे का, हे ग्रामसभांना विचारा असं सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराच्या बारांनी नाही म्हटलं. त्यांच्यापुढंही नंतर डोंगर नीट करून देऊ, झाडं लावून देऊ अशी बोली होतीच. नंतरच्या बोलीवर त्यांनी आजचा डोंगर दिला नाही.

आजपासून काय करायचं

१. अशा कोपऱ्यात लेकरं खेळायला पाठवू नका, शेळ्या सोडू नका. काटेरी फांद्यांचं कुंपण घाला.

२. कोरडं झाडू नका. पाणी शिंपडून झाडा. जेवायच्या आधी लेकरांचे हात साबणानं धुवा. त्या मातीतून आल्यावर पाय धुऊन घरात या.

३. तिथं पालेभाजी, मुळा, रताळं, भुईमूग लावू नका.

४. बॅटरीचं रिकामं खोकं पाण्याला, पेंडीला वापरू नका, चुलीत घालू नका.

५. लेकरू सारखं पोट दुखतं म्हणत असेल, पांढरं पडलं असेल, चिडचिड करत असेल, शाळेत मागं पडत असेल, तर सरकारी दवाखान्यात "रक्तातलं शिसं तपासा" असं लेखी मागा. शिशाला लेकराच्या अंगात सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. लेकराचं पोट रिकामं ठेवू नका. नाचणी, गूळ-शेंगदाणे, दूध, अंडी जमंल तसं द्या. रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनतं.

६. शेतीच्या नेहमीच्या माती परीक्षणात शिसं मोजत नाहीत. त्या कागदावर "जमीन चांगली" असं लिहिलेलं दाखवून कुणी फसवील. शिसं आणि कॅडमियमची वेगळी तपासणी मागा. नमुना पंचांसमोर घ्या, जागेचा फोटो ठेवा.

७. सगळ्यात खराब माती उचलून न्यायची असेल तर ती ओढ्यात किंवा दुसऱ्या गायरानात टाकू देऊ नका. धोकादायक कचरा पुरायच्या खास जागा महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथं आहेत. नेण्याचा खर्च घाण करणाऱ्याचा, तो सापडला नाही तर सरकारचा. आपला नाही, आणि आपल्या अंगमेहनतीचाही नाही. उघड्या हातांनी ती माती भरायला जाऊ नका, रोजगार कितीही सांगितला तरी.

८. अदलाबदलीच्या कुठल्याही कागदावर ग्रामसभेत वाचून झाल्याशिवाय सही-अंगठा नाही.

रानातल्या अळंबीबद्दलही दोन शब्द. पावसाळ्यात आपली अळंबी ही आपली भाजी आहे, ती कुणी घाबरून सोडू नये. रानातली, वारुळावरची, ओळखीची अळंबी खा. रस्त्याच्या कडेची, राखेच्या ढिगावरची, भट्टीजवळची, कचऱ्यावरची खाऊ नका, ओळखीची असली तरी. उकळल्यानं धातू नाहीसा होत नाही, रश्श्यात उतरतो. काही जातींच्या अळंब्या कॅडमियम तर मातीतल्यापेक्षा जास्त साठवतात. बचत गटाच्या ताया पिशवीत स्वच्छ भुसा-काडावर धिंगरी लावतात, तो धंदा चांगला आहे. तो खुशाल करा. फक्त विषारी मातीवर नको.

शेवटचं

त्या वस्तीची पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. आमचं मत तिथं आम्ही असं मांडणार आहोत: वरचं रान सोडायचं नाही. खालचा कोपरा गावाच्या नावावरच राहू द्या, पण तो तपासा, झाका, त्यावर झाडं लावा, त्याला कुंपण घाला आणि पाटी लावा. नीरीनं गुमगावला जे केलं ते इथं करून दाखवा. रोपं लावायची मजुरी वस्तीच्या लोकांना पूर्ण दरानं द्या, हातमोजे आणि बूट द्या. झाडं जगली तर आम्हाला आनंद आहे. पण झाडं जगली म्हणून ती जमीन आमच्या बाजरीच्या रानाची किंमत होत नाही.

निर्णय वस्तीचा आहे. पैसे दाखवले जातील, नोटीस दाखवली जाईल. दोन-चार घरं फुटतीलही, त्यांना शिव्या देऊ नका. उचल घेतलेल्या माणसाला पैशाची नड असते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. त्यांच्या दारात परत परत जाऊन बसा आणि आजीचा प्रश्न विचारा. कुणीही, कुठल्याही शास्त्राचं नाव घेऊन आपली जमीन मागायला आला तर त्याला हाच प्रश्न विचारा: विष जाणार कुठं? त्याचं उत्तर कागदावर, सहीनिशी मिळेपर्यंत हललात तर हराल.

हा अंक ज्याला वाचता येतो त्यानं वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि वाचून झाल्यावर पुढच्या पाड्याला द्यावा. आपल्याकडं अशी भट्टी, असा ढीग असेल तर जागा, ओढा आणि किती घरं जवळ आहेत एवढं लिहून संघटनेच्या कार्यकर्त्याकडं द्या. लोक कारखान्याला जायच्या आत सगळ्या जागांची यादी करून आपण एकत्र तक्रार देणार आहोत. या हंगामात आपण परत येऊ तेव्हा आपल्या मागं कुणी नवी भट्टी लावलेली नसावी, म्हणून मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ कार्यकर्त्याचा नंबर लिहून ठेवा.

जिंदाबाद!